'शॉक', 'झटके' आणि 'उद्दीपन'

प्रश्न : मनोविकारांवर विजेचा वापर कसा सुरू झाला, यावर मराठीत लेख लिहिते आहे. सरसकट 'शॉक देणे' चालेल की 'विद्युत उद्दीपन' म्हणावं? अर्थ एकच ना?

उत्तर : एकच नाही. इतिहास लिहिताना तर हे दोन शब्द वेगळेच ठेवा, नाहीतर १३७ वर्षांचं अंतर पुसलं जातं.

१८०१ साली इटलीतल्या बोलोन्यात जिओव्हान्नी आल्दिनी यांनी खोल विषण्णतेनं ग्रासलेल्या २७ वर्षांच्या एका शेतकऱ्यावर उपचार केले. बेडकाच्या पायांवरच्या प्रयोगांमुळे गाजलेल्या गॅल्व्हानींचे हे भाचे. व्होल्टांचा विद्युतघट तेव्हा अगदी नवा होता : जस्त आणि तांब्याच्या चकत्यांची एकावर एक रचलेली चळत. रुग्णाच्या डोक्याचे केस काढून, कातडी ओली करून प्रवाह द्यायचा. आल्दिनींनी तो आधी स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहिला आणि त्यांची काही दिवस झोप उडाली. शेतकरी मात्र काही आठवड्यांत सुधारला. इथे आकडी आणायचा हेतूच नव्हता, म्हणून 'उद्दीपन' चपखल बसतो. रसचर्चेतला उद्दीपन विभावही असाच, आधीपासून असलेल्या भावाला चेतवणारा.

'शॉक' आला १९३८ मध्ये, रोममध्ये. तिथल्या चेर्लेत्ती आणि बिनी या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या पद्धतीला 'एलेत्त्रोशॉक' म्हटलं. पण मुळात त्यांना हवी होती ती आकडी! अपस्मार (फेफरं) आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, असं मानून बुडापेस्टचे मनोविकारतज्ज्ञ मेदुना यांनी १९३४ पासून कापूर, मग कार्डियाझोल हे औषध टोचून आकडी आणली होती. औषध टोचल्यावर आकडी येईपर्यंत रुग्ण भीतीनं अर्धमेला होई. विजेनं शुद्ध तत्क्षणी हरपते, ती भीती वाचते. रोमच्या पहिल्या रुग्णाला पहिल्या खेपेला दिलेला प्रवाह कमी पडला, आकडी आली नाही. दाब वाढवल्यावर आली. म्हणजे वीज इथे निमित्तमात्र, उपचार आकडीचा. 'शॉक' हा शब्द नेमकं हेच झाकून टाकतो आणि वाचकाच्या मनात शिक्षेचं चित्र उभं करतो.

प्रश्न : मग 'आकडी उपचार' लिहू? 'फेफरं' कसं वाटतं?

उत्तर : 'फेफरं' नको. तो आजार झाला, आणि आजाराचा शब्द उपचाराला लावला की घरचे घाबरतात. 'विजेनं आकडी आणण्याचा उपचार' असं एकदा उलगडून सांगा आणि पुढे 'ईसीटी' (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी) वापरा, दवाखान्यातही तेच म्हणतात. 'झटके' तर मी टाळतेच. हृदयविकाराचा झटका, विजेचा झटका, झटक्यात काम, इतकं ओझं त्या शब्दावर आहे.

जुन्या काळाबद्दल लिहिताना एक वाक्य जरूर घाला : रोमच्या त्या रुग्णाला भूल नव्हती. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला मनाई आहे.