वांझ काड्या आणि उन्हाळा: खरड छाटणीनंतर शेडनेट टाकावं का?

मंडळी, मदत हवी आहे. दिंडोरी तालुक्यात दीड एकर थॉमसन द्राक्ष आहे, डॉगरिज खुंटावर (म्हणजे डॉगरिजच्या मुळांवर कलम केलेलं). २०२५ ला खरड छाटणी (नव्या काड्या तयार करायची उन्हाळी छाटणी) १० एप्रिलला केली. फुटी जोमात निघाल्या. मग मे महिन्यात पाऊस लागला तो हटेना, २६ मेला तर मान्सून मुंबईत होता. काडीच्या डोळ्यात घड तयार होतो तो छाटणीनंतरचा चाळिसावा ते साठावा दिवस, नेमका हाच काळ आमचा ढगाखाली गेला. वेल मात्र काळपट हिरवा, बघणारा म्हणे बाग लई भारी.

ऑक्टोबर छाटणीआधी (फळासाठीची छाटणी) डोळ्यांत घड आहे का ते तपासून घेतलं नाही, ही चूक माझी. पोंगे (कोवळे कोंब) फुटल्यावर मांडवाखाली उभं राहून मोजलं, तर तीस काड्यांच्या झाडाला सात घड. बाकी बाळ्याच, म्हणजे घडाऐवजी नुसते वेटोळे ताणे. एका काडीवर तर वर चार मणी आणि खाली वेटोळं, घड होता होता बाळी झालेली.

आता घरात वाद पेटलाय. भाऊ म्हणतो, एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, पानं करपतात, यंदा शेडनेट टाकू. धाकटी बारावीला आहे, ती म्हणते द्राक्षाचं पान पंचवीस ते तीस अंशांत चांगलं काम करतं, पस्तिशीच्या वर ढेपाळतं. दुपारी पर्णरंध्रं मिटतात, आणि रुबिस्को नावाचं विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन जास्त धरू लागतं, म्हणजे केलेल्या कमाईतलंच जातं. मी म्हटलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० पीपीएमच्या वर गेलाय, मग पानाची चंगळच की! ती म्हणाली, उष्णता आणि पाण्याची ओढ असली की तो फायदा बराचसा धुऊन निघतो.

पटलं. पण नेट टाकलं तर पुन्हा सावलीच ना? ऊनही नको आणि ढगही नको, असं कसं जमवायचं?

उत्तर १: दादा, नेट कायमचं नको. फुटी कोवळ्या असताना कडक उन्हापुरतं ठीक, पण चाळिसाव्या दिवसाआधी काढाच. डोळ्यात घड की बाळी हे उजेडावर बरंच ठरतं. फुटींची विरळणी केली का? नत्र किती दिलं?

धागाकर्ता: विरळणी उशिरा झाली, पावसात मजूर मिळेनात. युरिया मात्र भावाने सढळ हाताने दिला.

उत्तर १: मग दोष एकट्या ढगांचा नाही. दाट पसाऱ्यात आतल्या डोळ्यांना उरलासुरला उजेडही पोचला नसणार. यंदा नत्र आवरा, गर्दीच्या फुटी लवकर काढा, सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (बगलफुटीची उपकाडी) करा. आणि ऑक्टोबरच्या आधी काड्या तपासायला द्या, किती डोळ्यांवर छाटायचं ते तिथेच कळेल.

धागाकर्ता: युरियाचं भावाला तुम्हीच सांगा, हा धागा त्याला वाचायला देतो.