मॉनिटर असला तरी नाडी हातानेच
"मॉनिटर लावलाय, मग नाडी कशाला धरायची?" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. नाशिकला रात्रपाळीत एका आजोबांचा मॉनिटर हृदयाचे ठोके मिनिटाला १२८ दाखवत होता, मनगटावर मात्र मी मोजले ९४. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार. त्यात काही ठोके इतके दुबळे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून एका नर्सने छातीवर स्टेथो ठेवायचा, दुसरीने मनगट धरायचं, आणि दोघींनी एकाच वेळी पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. जो फरक येईल तोही चार्टवर लिहायचा.

आणि हो, पेशंटकडे बघा: घाम, चक्कर, बोलताना लागणारी धाप, बीपी. त्या आजोबांचे तळवे गार पडले होते, डॉक्टरांना फोनवर मी आधी तेच सांगितलं.