गोव्यात दुसरा व्यावसायिक फुटबॉल क्लब तगेल का?

फोंडेकर
अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14.58 लाख होती, एकट्या पुणे महापालिकेच्या निम्म्याहून कमी. तरी एफसी गोवा 2014 पासून इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशातल्या वरच्या लीगमध्ये पाय रोवून आहे. त्याआधी तर धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग असे चार क्लब एकाच वेळी राष्ट्रीय लीगमध्ये असायचे. आज दुसरा क्लब वर यायचा तर नेमकं काय कमी पडतं? माणसं, पैसा की मैदान? म्हापशाचा एखादा क्लब डोळ्यांसमोर ठेवून सांगा. आठवणी नकोत, हिशेब हवा.

हिशेबनीस
लोकसंख्येवर सगळं ठरत असतं तर पुण्याचा क्लब बंद पडून त्याची जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली नसती, आणि 2025 मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला हलला नसता. दोन्ही शहरं गोव्यापेक्षा कितीतरी मोठी.

तिकिटांचा हिशेब मांडून बघा. घरचे सामने 12 धरा, प्रेक्षक 10,000, आणि कमिशन वजा जाता तिकिटामागे हातात 250 रुपये. सामन्याला 25 लाख, मोसमाला 3 कोटी. मडगावच्या फातोर्डा स्टेडियममधल्या साधारण 19,000 खुर्च्या दर वेळी भरल्या तरी पावणेसहा कोटींच्या पुढे जात नाही. आयएसएलमध्ये खेळाडूंच्या पगाराची मर्यादाच गेल्या काही मोसमांत 16 ते 18 कोटींच्या घरात राहिली. कोचिंग स्टाफ, विमानं, हॉटेलं, अकादमी वेगळी. म्हणजे स्टेडियम फुल्ल असूनही क्लब तोट्यात.

शिवाय त्या 25 लाखांतूनच सुरक्षा, रुग्णवाहिका, सफाई आणि जनरेटर भागवायचा. जनरेटरवर काटकसर करणारे हमखास फसतात. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांची वीज क्षणभर गेली तरी दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, त्यात 10-15 मिनिटं जातात. म्हणून वीज गेल्यावर जनरेटर सुरू करून भागत नाही, दिवे पहिल्यापासून जनरेटरवरच ठेवावे लागतात.

लहान गावाचा क्लब जगतो तो लीगच्या वाटणीवर. अमेरिकेतलं ग्रीन बे जेमतेम लाखभर वस्तीचं, तरी तिथला संघ टिकून आहे, कारण अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा राष्ट्रीय टीव्हीचा पैसा 32 संघांत सारखा वाटला जातो. आपल्याकडे 2025 मध्ये आयएसएलच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, नवा झाला नाही, मोसम लांबला आणि काही क्लबांनी पहिल्या संघाचं काम थांबवलं. पगार मात्र चालूच. दुसऱ्या क्लबाच्या आड येतं ते हे, लोकसंख्या नव्हे.

फातोर्डा_ईस्ट
हिशेब पटला, पण ते 10,000 प्रेक्षक येणार कुठून, हेही बघा. साडेसातचा सामना सुटायला साडेनऊ वाजतात. त्यानंतर पेडणे, साखळी किंवा काणकोणला जायला बस कुठे आहे? म्हणजे प्रेक्षक फक्त स्वतःची गाडी असलेला, आणि बरोबर आई-वडील किंवा पोरं असतील तर तोही दहा वेळा विचार करणार. गोवा एक शहर धरून चालायचं असेल तर वाहतूकही शहरासारखी हवी. पणजी, म्हापसा, फोंडा आणि वास्कोसाठी कदंबच्या (राज्य परिवहनाच्या) खास गाड्या सामना सुटल्यावर 20 मिनिटांनी सोडाव्यात, आणि सीट तिकिटासोबतच विकावी. आधी बुकिंग नसेल तर एक गाडी रिकामी जाते आणि दुसरीला माणसं लोंबकळतात.

तारखांचंही तसंच. चतुर्थी, जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ, शिगमो टाळा. रविवारी संध्याकाळी फातोर्ड्यातच रवींद्र भवनात तियात्र (कोकणी नाटक) असेल तर पार्किंगचे बारा वाजतात. अर्थात वेळ ठरवतं सामना दाखवणारं चॅनेल, क्लबाच्या हातात फारसं काही नसतं.

बार्देसकार
चार क्लब होते तेव्हाही ते तिकिटांच्या पैशावर जगत नव्हते. मालक घराणी आणि त्यांच्या कंपन्या पगार द्यायच्या. खाणी बंद झाल्या म्हणून क्लब गेले, असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. धेंपोंनी खाण व्यवसाय 2009 मध्येच विकला होता, आणि आय-लीग (तेव्हाची वरची राष्ट्रीय लीग) त्यानंतरही दोनदा जिंकली. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग बाहेर पडले ते आय-लीगला दुसऱ्या पायरीवर ढकलण्याच्या आराखड्याला विरोध म्हणून. वर जायचा रस्ताच दिसत नसेल तर मालक पैसा कशाला ओतेल? धेंपो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला, म्हणजे दार अगदीच बंद नाही.

फोंडेकर
मग म्हापशाच्या क्लबाने पहिला पैसा कुठे घालावा?

बार्देसकार
मोठ्या परदेशी खेळाडूवर तर नकोच. मुलांवर घाला, आणि कागदपत्रांवर. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, तर रकमेचे 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. पण मुलाची त्या-त्या मोसमाची नोंद महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत नसेल तर दावा टिकत नाही. गावचे क्लब इथेच मार खातात. मुलगा चार वर्षं खेळतो आणि नोंद एकाच वर्षाची सापडते.

खरी कमाई स्वतः खेळाडू विकण्यात, आणि आपल्याकडे बहुतेक जण करार संपल्यावर फुकट जातात. म्हणून 18 व्या वर्षी तीन वर्षांचा करार करा आणि शेवटचं वर्ष लागायच्या आधी एक तर तो वाढवा, नाही तर खेळाडू विका.

मैदानाचं म्हणाल तर दोन क्लबांनी फातोर्डा वाटून घेऊ नये. दोन्हींचे घरचे सामने एकाच गवतावर पडले की जानेवारीपर्यंत गोलपोस्टपुढे माती उघडी पडते, आणि गवत धरायला लागणारी विश्रांती मोसमाच्या मध्यात मिळत नाही. म्हापशात धुळेरचं मैदान आहे. सराव आणि खालच्या लीगचे सामने तिथे, आणि वर चढलात तरच फातोर्ड्याचं भाडं.

हिशेबनीस
एक भर. प्रायोजकाशी करार तीन मोसमांचा करा आणि पैसे तिमाही हप्त्यांनी घ्या. लीग लांबली तर हप्ता थांबणार की नाही, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. खेळाडूंच्या करारातही तसंच कलम हवं, नाहीतर दोन्हीकडचा फटका क्लबालाच बसतो.