कसारा घाटात टर्बोआधीचं तापमान ७६० वर, बूस्ट मात्र ०.७५ : टर्बो बदलण्याआधी काय तपासावं?

गोदाकाठ४x४

नमस्कार मंडळी. गाडी २.२ लिटर कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारा, पात्यांचा कोन बदलणारा), बीएस ४, मॅन्युअल, फोर बाय फोर. रिमॅप (इंजिनच्या संगणकातला बदल) नाही, ट्यूनिंग बॉक्स नाही. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच, वर कॅरियर. टायर २३५/७० आर १६ काढून २४५/७५ आर १६ टाकलेत. एक्झॉस्टचं तापमान मोजणारा के-टाइप प्रोब (थर्मोकपल) एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी.

आडगाव-ओझर सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला ३८० ते ४३० अंश सेल्सिअस. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना पाच माणसं आणि सामान, चौथा गियर, १७०० आरपीएम, पेडल जवळपास पूर्ण दाबलेलं : आकडा ७६० वर जातो आणि तिथेच राहतो. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) ०.७५ बार, पूर्वी याच चढावर १.१ मिळायचं. मागे काळा धूर. कूलंटचं तापमान व्यवस्थित, चेक लाइट नाही, एअर फिल्टर नवा. गॅरेजवाले थेट टर्बो बदला म्हणतात. आधी काय तपासू?

सातपूर_डिझेल

टर्बोला अजून हात लावू नका. काळा धूर, पडलेलं बूस्ट आणि चढलेलं तापमान एकत्र दिसतंय म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. एअरफ्लो सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. तिथे मोजली गेलेली हवा पुढे पाइपातून बाहेर पडली तरी ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) हिशेबात ती इंजिनात गेलेलीच असते. त्या हिशेबाने तो डिझेल सोडतो, म्हणून धूर. गळती लहान असेल तर ईसीयू टर्बोला जास्त पळवून भरपाई करतो आणि चेक लाइटही लागत नाही.

७६० सलग चालवू नका. टर्बोआधी लांब चढावर ७०० च्या आत राहायला हवं, ७५० फक्त ओव्हरटेकपुरतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं; पिस्टन तगतो कारण गरम वायू त्याला प्रत्येक फेऱ्यात थोडाच वेळ लागतो आणि खालून ऑइल जेट त्याला थंड करतो. सलग जास्त तापमानात आधी पिस्टनच्या माथ्याला आणि टर्बाइन हाउसिंगला तडे जातात.

प्रेशर टेस्ट करा. गाडी बंद ठेवून होजला नुसतं साबणाचं पाणी लावून काही कळत नाही, कारण बरेच होज ०.५ बारच्या वर गेल्यावरच फाकतात. ठिबकच्या दुकानात होजच्या मापाच्या दोन पीव्हीसी एंड कॅप मिळतील. एकीला ११.३ मिमीचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. टर्बोच्या आउटलेटवरून होज काढून त्यात ही कॅप, इनटेक मॅनिफोल्डकडच्या टोकाला दुसरी, दोन्हीवर क्लॅम्प घट्ट. मध्ये इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि सगळे पाइप आले. १ बार, म्हणजे १५ पीएसआय हवा भरा, त्याहून जास्त नाही. पंक्चरवाल्याच्या टाकीत १०० च्या वर पीएसआय असतं, त्यामुळे रेग्युलेटर हवाच. कॅपच्या समोर उभं राहू नका, सुटली तर गोळीसारखी येते.

दाबाचा काटा मिनिटभर जवळपास तिथेच राहायला हवा. पडला तर साबणाचं पाणी फवारा : होजची खालची बाजू, क्लॅम्पखाली कातरलेलं रबर, इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीचा जोड. जिथे तेलकट ओल धरून धूळ चिकटली आहे तिथे सर्वात आधी बघा, टर्बोतून येणारी तेलाची वाफ तिथूनच बाहेर पडते.

ही टेस्ट टर्बोच्या इनलेटपासून अख्ख्या इंजिनवर घेणाऱ्यांनी ऑइल फिलरचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून सील ढकलेल. तिथून येणारी थोडी फुसफुस म्हणजे बिघाड नव्हे.

ओझर_सेन्सर

गेज बरोबर बोलतंय ना, ते तपासायला दहा मिनिटं पुरतात. प्रोब काढून उकळत्या पाण्यात धरा. नाशिकची उंची साधारण ६०० मीटर, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. दोन-तीन अंशांचा फरक चालेल.

वायर वाढवली असेल तर ती के-टाइपचीच हवी. साधी तांब्याची वायर जोडली की बॉनेटखालचा तो जोडच गेजसाठी संदर्भ बनतो. जोड ८० अंशांवर आणि गेज ३५ वर असेल तर गेज ४५ अंश कमी दाखवेल, म्हणजे तुमचे ७६० प्रत्यक्षात ८०० च्या वर असू शकतात. ज्यांचा प्रोब टर्बोनंतर आहे त्यांनी इथले आकडे आपल्याला लावू नयेत. चढावर दोन्हींत १०० ते २०० अंशांचा फरक पडतो आणि तो भारानुसार बदलतो.

बूस्ट ओबीडीवर (गाडीच्या निदान सॉकेटला लावलेल्या रीडरवर) बघत असाल तर तो निरपेक्ष दाब असतो. इगतपुरीला वातावरणाचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल, म्हणून २०५ दिसले तर वजा ९४ करून १.१ बार.

घाटमाथा_मेकॅनिक

होजनी दाब धरला तर पुढचा नंबर व्हॅक्यूमचा. व्हीजीटीचा अॅक्च्युएटर (पाती हलवणारा भाग) व्हॅक्यूमवर असेल तर हातपंपाने ५०० मिलीबार द्या. त्याचा रॉड न अडखळता ओढला जायला हवा आणि मिनिटभर धरून राहायला हवा. व्हॅक्यूम सोडल्यावर झटक्यात परत यावा. अर्ध्यात अडकला तर व्हेनवर (टर्बोच्या हलत्या पात्यांवर) काजळी आहे. रॉड चांगला चालतोय पण गाडीचाच व्हॅक्यूम कमी पडतोय असं दिसलं तर सोलेनॉइडकडचे (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हकडचे) ४ मिमीचे रबर पाइप बदला. उष्णतेने ते टोकाला चिरतात. या पाइपांसाठी अख्खे टर्बो बदलले जातात, हे फार वाईट वाटतं.

विंचकडेही लक्ष द्या. इंटरकूलर त्याच्या मागे असेल तर ओबीडीवर इनटेक तापमान बघा. चालत्या गाडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा २०-३० अंश जास्त असणं ठीक, ५० च्या वर गेलं तर हवा अडते आहे किंवा पत्र्यांत चिखल आहे. पाणी इंजिनच्या बाजूकडून, कमी दाबाने मारा; पुढून जोरात मारलं तर पत्रे वाकतात. आतून तेल काढायला डिग्रीझर वापरलं तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. आत राहिलेलं तेल किंवा सॉल्व्हंट इंजिनाने ओढलं तर किल्ली काढूनही इंजिन बंद होत नाही.

गोदाकाठ४x४

प्रोब उकळत्या पाण्यात ९७ दाखवतो, वायर के-टाइपच आहे. प्रेशर टेस्टमध्ये इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पखाली चीर सापडली, ०.६ बारनंतर उघडते. होज आणि दोन टी-बोल्ट क्लॅम्प बदलले. रॉड व्यवस्थित चालतो. त्याच चढावर आता बूस्ट १.१, काळा धूर नाही. तापमान मात्र अजून ७१५ ते ७२०. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) ब्लँक, म्हणजे कायमचा बंद करू का?

सातपूर_डिझेल

कायमचं ब्लँक करू नका. ते बेकायदा आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातून मिळणार नाही. ईजीआर पूर्ण बंद होतोय का ते मोजा. २.२ लिटर इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला साधारण ८८० लिटर जागा भरतं. भरण्यातली घट आणि इथली विरळ हवा धरली तर व्हॉल्व्ह बंद असताना एअरफ्लो सेकंदाला १३ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवा. स्कॅनरने व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. आकडा ८-९ वरच अडकला तर व्हॉल्व्ह काजळीने उघडा राहतोय. काढून साफ करा, बसवताना पॅकिंग नवं.

तो ठीक निघाला तर आधी गियर. २४५/७५ चा व्यास ७३५ वरून ७७४ मिमी झाला, म्हणजे सगळे गियर ५ टक्के लांब झाले. तिसरा टाकून २४०० ला चढा. वेग तोच, म्हणजे ताकद तीच आणि डिझेलही जवळपास तेवढंच, पण इंजिन सेकंदाला चाळीस टक्के जास्त वेळा हवा ओढतं. १७०० ला चौथ्यात पेडल दाबून धरणं हीच घाटातली सर्वात गरम जागा आहे. तिसऱ्यात आकडा ६५० च्या खाली आला तर गाडीत दोष उरलेला नाही.

घाटमाथा_मेकॅनिक

तिसऱ्यातही ७०० राहिलं तर चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरत असेल तर इंजिनाला विनाकारण भार पडतो. मग सायलेन्सरची लाइन : टर्बोनंतरच्या पाइपला बंग (आट्यांचं जोडतोंड) लावून मीटरभर तांब्याच्या नळीने प्रेशर गेज जोडा. नळी लांब हवी, नाहीतर गेज जळेल. पूर्ण भारावर ०.२ बारच्या वर गेलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय किंवा खडकावर आपटून पाइप चेपलाय. इंजेक्टर त्यानंतर. स्कॅनरवर चारही सिलिंडरचं करेक्शन (ईसीयू प्रत्येकाला डिझेल किती कमी-जास्त करतो ते) बघा, एखादा बाकीच्यांपासून फार दूर असेल तेवढाच बेंचवर पाठवा.

गोदाकाठ४x४

एअरफ्लो ईजीआर बंद असताना १२.८. तिसरा गियर, २४०० : ६४० ते ६५५, बूस्ट १.०५. विंच बंपरवर खाली सरकवून इंटरकूलर मोकळा करतोय.

सातपूर_डिझेल

उत्तम. टी-बोल्ट क्लॅम्प शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर थंड इंजिनावर पुन्हा आवळा, नवं रबर बसतं आणि क्लॅम्प सैल होतो. इगतपुरीला चढून लगेच थांबलात तर टर्बोआधीचा आकडा २५० च्या खाली येईपर्यंत इंजिन बंद करू नका.