नीट रिपीट करू की बीएस्सी अ‍ॅग्रीला जाऊ? (४२४ मार्क)

कपाशीवाली:
मी अमळनेर तालुक्यातली. यंदा बारावी झाली आणि ४ मे २०२५ ला नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, पहिलाच अटेम्प्ट. ७२० पैकी ४२४ आले. बायोलॉजी २८३, केमिस्ट्री ८९ आणि फिजिक्स ५२. फिजिक्सचा पेपर यंदा सगळ्यांनाच जड गेला हे मान्य, देशात पहिल्या आलेल्याचेही ६८६ च आहेत. पण ५२ म्हणजे ५२.

सरकारी एमबीबीएसला हे पुरणार नाहीत, ते मी धरून चालले आहे. खासगी एमबीबीएसचा विषय घरात निघणारच नाही. राज्याच्या सीईटीला पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) गटात ९१ पर्सेंटाइल आहेत, त्यावर बीएस्सी अ‍ॅग्री बघतोय. धुळ्याचं कृषी महाविद्यालय मिळालं तर घरापासून जवळ. एका काकांचं म्हणणं आहे की बीएएमएस (आयुर्वेद) घे आणि मोकळी हो.

आप्पा म्हणतात, "तुला वाटत असेल तर लातूरला जा, पैशांचं मी बघतो." तिथल्या नीटच्या क्लासची फी, हॉस्टेल, मेस मिळून पावणेदोन लाखांपर्यंत जातं. मागच्या हंगामातली थोडी कपाशी भाव वाढेल म्हणून अजून पुढच्या खोलीत पडून आहे, तिच्याच बाजूला बसून मी अभ्यास केला. ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणूनच मला विचारायची भीती वाटते. आजी रोज एकच विचारते, "तुना मनमा काय शे ते सांग." मनमा काय शे तेच तर कळत नाही!

वर्ष लावलं तर मार्क खरंच वाढतात का? ज्यांनी रिपीट केलंय त्यांनीच सांगा प्लीज. "मेहनत कर, होईल" हे ऐकून झालंय.

दोनदा_रिपीटर:
मी दोनदा केलंय. पहिल्या वेळी ९० वाढले, दुसऱ्या वेळी ११. आता बीएएमएस तिसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष लावल्याचं वाईट वाटत नाही. दुसरं मात्र मी केवळ हट्टाने लावलं. तेव्हा चुका कुठे होतायत हे कोणी विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही.

तू एक कर. ओएमआरची (उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरसूची समोर घे आणि फिजिक्सच्या चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग कर: कन्सेप्टच माहीत नव्हता, येत होतं पण आकडेमोड चुकली, आणि नुसता तुक्का. मग इथे आकडे टाक. लातूर की कुठे, ते नंतर.

बोरी_काठ:
पोरी, एक व्यवहाराचं सांगतो. माझ्या मुलीच्या वेळी धावपळ झाली होती. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. हॉस्टेल-मेस त्यात येत नाही. आप्पांना हा हिशोब आधी दाखव, अ‍ॅग्रीचा खर्च त्यांना वाटतो तेवढा नसेल. आणि गॅप घेणार असशील तर पुढच्या वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, नॉन-क्रिमीलेअरची मुदतही बघून ठेव. ती ३१ मार्चला संपते आणि मग जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग.

"अ‍ॅग्रीला अ‍ॅडमिशन घेऊन सोबत नीटचा अभ्यास" असं कोणी सांगेल. नको. हजेरी, सेमिस्टर, शेतावरची प्रॅक्टिकलं, यात दोन्ही बुडतं.

कपाशीवाली:
दादा, ढीग केले. काल रात्री दोन तास गेले, मध्ये लाइटही गेली होती.

फिजिक्सचे ३८ सोडवले होते. १८ बरोबर, २० चूक. त्या २० मधले ५ मी न वाचलेल्या चॅप्टरचे (रोटेशन!), ६ आकडेमोडीत गेले आणि ९ तुक्के. आधी बायोलॉजी, मग केमिस्ट्री सोडवली, म्हणून फिजिक्सला जेमतेम ४० मिनिटं उरली होती. तुक्के सगळे शेवटच्या दहा मिनिटांतले.

बरोबरला ४ मिळतात, चुकीला १ कापतात. तुक्के सोडून दिले असते तर ९ वाचले असते. ते ६ बरोबर आले असते तर ३० आणखी. म्हणजे ४६३. तरी सरकारी एमबीबीएस नाहीच.

दोनदा_रिपीटर:
पण हे ३९ मार्क एकही नवा धडा न वाचता वाढतात. माझ्या दुसऱ्या वर्षी तसं काहीच उरलं नव्हतं. केमिस्ट्रीचेही ढीग कर, तिथेही असंच निघालं तर एक वर्ष लाव. एकच. आणि बायोलॉजी २८३ असताना त्यासाठी लातूरची पूर्ण फी कशाला भरतेस?

कपाशीवाली:
केमिस्ट्रीचे ११ चूक, त्यातले ७ तुक्के. आप्पांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि "तुक्का म्हणजे?" एवढंच विचारलं.

लातूर नको असं मीच सांगितलं. आता दुसरा प्रश्न: अमळनेरहून जळगावला ट्रेनने अपडाऊन करून फक्त फिजिक्स-केमिस्ट्रीचा क्लास केलेलं कोणी आहे का? सकाळची गाडी आणि बॅचची वेळ जुळते का, आणि पास काढला तर महिन्याला किती पडतं?