ट्रकवर दोघांनी मिळून जायचा विचार आहे, जाणकारांनी सांगावं

सी-४०२ (रात्री ९.१२)
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या ग्रुपवर एसटीतले, ट्रान्सपोर्टमधले, विम्यातले सगळे आहेत म्हणून इथेच विचारते. आमचे हे चाकणहून लाइनच्या गाडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, ड्रायव्हर असतात, महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस बाहेर. मी स्कूल व्हॅन चालवते. लेक यंदा नाशिकला होस्टेलवर गेली. आता आम्ही दोघांनी एकाच गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायचं ठरवत आणलंय. एक चालवेल, एक झोपेल. यांच्या ओळखीतला एक जण ३२ फुटी कंटेनर विकतोय, पुढचे हप्ते आम्ही भरायच्या बोलीवर. माझ्याकडे कारचं लायसन आहे, हेवीचं नाही. लायसनचं कसं करायचं, गाडी घ्यावी का, आणि नवरा-बायकोने असं काम केलेलं कोणाच्या पाहण्यात आहे का, सांगा.

सेक्रेटरी (९.१८)
वहिनी, मनापासून शुभेच्छा. एकच आधी सांगतो, गाडी कुठलीही असो, गेटसमोर लावायची नाही. फायर ब्रिगेडची गाडी आत वळायला तेवढीच जागा आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा चाकणला पार्किंगची सोय बघा.

सी-४०२ (९.१९)
हो दादा, सोसायटीत आणणारच नाही.

ए-१०३ काका (९.३४)
सूनबाई, लायसनपासून सुरू करू. हेवीचं लर्निंग काढायला हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं आणि वय २० पूर्ण. तुझं दोन्ही आहे. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. फॉर्म १-अ वर डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ (ट्रेनिंगचं सर्टिफिकेट), लर्निंगनंतर ३० दिवसांनी टेस्ट. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. आरटीओ आपल्या मोशीतच आहे, लांब जायला नको.

पण शिकायचं कुठे ते बघून ठरव. नाशिक फाट्याला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची ट्रेनिंग संस्था आहे, तिथे हेवीची बॅच कधी असते ते आधी विचार. काही स्कूलवाले रिकाम्या ट्रकवर मैदानात चार चकरा मारून घेतात आणि सर्टिफिकेट हातात देतात. भरलेली गाडी उतारावर कशी वागते हे त्यात कळत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तू पाहिलाच आहेस. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली पोचेस्तोवर ब्रेक धरेनासे होतात. तिथे किती जीव गेले ते आपण पेपरात वाचतो. उतार गिअरमध्येच उतरायचा, खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर वेग रोखणारा) लावून, आणि वेग वाढण्याआधी. हे भरलेल्या गाडीवर, शेजारी जाणता माणूस बसवून शिक. सुरुवातीला तो माणूस नवरा नसलेला बरा, घरातलं माणूस शिकवायला बसलं की दोघांचाही आवाज चढतो.

ए-६०४ (९.४१)
काका, एक भर घालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की ७५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाची (गाडी अधिक माल, मिळून कमाल) मालगाडी एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे वहिनी टाटा ४०७ सारखी छोटी मालगाडी आजही चालवू शकतात.

ए-१०३ काका (९.४३)
बरोबर. आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीपत्रावरचं) ग्रॉस वजन धरायचं, आत भरलेला माल नाही. ३२ फुटी कंटेनर त्यात बसत नाही. हात बसवायला ४०७ मात्र चांगली.

बी-५०३ काकू (९.५०)
अगं, मला बाई काळजी वाटते. रात्रीबेरात्री हायवेवर, धाब्यावर सगळे पुरुष. अंघोळ, बाथरूम, महिन्याचे चार दिवस, हे सगळं कसं करणार? नवरा सोबत आहे हे खरं, पण तो तर झोपलेला असणार.

सी-४०२ (९.५८)
काकू, तुमचं अगदी बरोबर आहे. आम्ही दोघं बोललो ते यावरच जास्त. कंपनीचे मोठे पंप आणि टोलनाक्याजवळची स्वच्छतागृहं धरूनच थांबे ठरवायचे, आडबाजूला थांबायचंच नाही. आणि रात्री माझ्या पाळीत गाडी उभी करायची झाली तर यांना उठवायचं, मगच दार उघडायचं.

बी-२०१ (१०.०२)
तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ड्रायव्हरसाठी 'अपना घर' नावाची विश्रांतीची जागा केली आहे, अ‍ॅपवर बुकिंग होतं. बाईसाठी वेगळी खोली आणि बाथरूम आहे का ते त्या त्या पंपावर आधी फोन करून विचारा, पोचल्यावर नाही.

आणि काकू, योगिता रघुवंशींबद्दल वाचलंय का? नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. नवरा गेल्यावर मुलांसाठी ट्रक हातात घेतला आणि भोपाळहून देशभर एकटीने चालवला. इथे तर दोघं आहेत.

डी-१०५ (१०.१५)
वहिनी, माझा धंदाच ट्रान्सपोर्टचा आहे म्हणून मोकळेपणी लिहितो. ती गाडी घेऊ नका. 'हप्ते पुढे भरा' या बोलीत आरसी विकणाऱ्याच्या नावावर राहते, कर्जही त्याच्याच नावावर. तुमच्या हातचा हप्ता त्याने पुढे भरला नाही तर फायनान्सवाले तुमच्या दारातून गाडी उचलतील. अपघात झाला तर पॉलिसीही त्याच्याच नावाची. घ्यायचीच वेळ आली तर फायनान्सरची एनओसी, आरसी ट्रान्सफर, विमा तुमच्या नावावर आणि मगच पैसे.

आता कमाईचं. दोन ड्रायव्हरची गाडी चाक फिरतं तेव्हाच कमावते. चाकण ते श्रीपेरुंबुदूर १२०० किलोमीटरच्या आसपास. एकटा माणूस नीट झोप घेत गेला तर तीन दिवस धरा, दोघं आलटून पालटून दीड दिवसात पोचतील. पण कंपनीच्या गेटवर खाली करायला दोन दिवस नंबर लागला नाही, तर रस्त्यात वाचवलेला सगळा वेळ तिथे गेला आणि खाडा दोघांचा पडला. मग रिटर्न भाडं मिळेपर्यंत पुन्हा थांबा. डिझेल काही दोघं आहात म्हणून कमी लागत नाही. गाडी लिटरला ४ देत असेल तर ३०० लिटर, ९० रुपयांनी धरलं तरी एका बाजूचे २७,००० नुसते डिझेलचे. वर टोल, इंजिनचा धूर स्वच्छ करणारा युरिया, टायर, हप्ता. म्हणून पार्टीला, म्हणजे माल देणाऱ्याला, भाड्याआधी हे विचारायचं की गाडी किती तासांत खाली होणार आणि हॉल्टिंग (थांबून राहण्याचे पैसे) कधीपासून लागू. याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर ते काम जोडीचं नाही, एकट्या ड्रायव्हरचं आहे.

जोडीचं काम म्हणजे एक्स्प्रेस पार्सल, कुरिअरची लाइन. गाडी हबवरून ठरल्या वेळी सुटते, ठरल्या वेळी पोचावी लागते, उशीर झाला तर दंड. पण पोचल्यावर हमाल उभे असतात, गाडी तासाभरात खाली होते. या गाड्यांवर मालक आपणहून दोन ड्रायव्हर ठेवतात. तुम्ही दोघं अशा ठिकाणी आधी नोकरी धरा. वर्षभरात रस्ता, पंप, पार्ट्या, एकमेकांची झोप, सगळं कळेल, आणि डोक्यावर कर्ज नसेल. गाडी नंतर कधीही घेता येते.

एका गोष्टीवर ठाम राहा. पगार आणि भत्ता दोघांचा वेगळा, दोघांच्या वेगळ्या खात्यात. 'जोडीचे मिळून इतके' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. मी एका ठिकाणी पाहिलंय, बायको अर्धी रात्र स्टिअरिंगवर आणि कागदावर तिचं नावच नाही.

ए-६०४ (१०.२२)
डी-१०५ दादांचा हा शेवटचा मुद्दा विम्यातही तितकाच महत्त्वाचा आहे. पुढे गाडी भाऊंच्या नावावर झाली तर १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा हा मालक-चालकाचा असतो. वहिनी त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी पगारी ड्रायव्हरचं वेगळं कव्हर प्रीमियम भरून घ्यावं लागतं. आणि हेवी लायसन हातात येण्याआधी वहिनी नुसत्या सोबत म्हणून मालगाडीत बसल्या आणि काही झालं, तर क्लेम अडकतो. लायसन येईपर्यंत सोबत म्हणूनही जाऊ नका, अशी कळकळीची विनंती.

सी-४०२ (१०.२४)
हे आम्हाला माहीतच नव्हतं. बरं झालं विचारलं.

बी-२०१ (१०.३१)
माझी भाची आणि जावई कॅनडात, ओंटारियोला टीमवर, म्हणजे दोघं एकाच ट्रकवर, आहेत. तिला आत्ताच मेसेज करून विचारलं. तिथे २०१७ पासून किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग पूर्ण केल्याशिवाय मोठ्या ट्रकची टेस्टच देता येत नाही. दिवसात १३ तासांच्या वर चालवायचं नाही आणि गाडीतलं यंत्र ते मोजत असतं. टीमला बर्थवरची (सीटमागच्या झोपायच्या जागेवरची) झोप दोन भागांत घ्यायची मुभा आहे, पण एकही भाग ४ तासांपेक्षा लहान चालत नाही. आपल्याकडे असं यंत्र सक्तीचं नाही, तेव्हा हा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागेल.

तिने आणखी दोन गोष्टी कळवल्यात. बर्थवर आहे त्याने चालवणाऱ्याला सूचना द्यायच्या नाहीत, 'हळू घे', 'याला ओव्हरटेक कर' काही नाही. तो भरवसा नसेल तर झोप लागतच नाही. आणि वाद झालाच तर गाडी सुरक्षित जागी उभी करून बोलायचं, कारण त्या केबिनमधून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

ए-१०३ काका (१०.५२)
भाची शहाणी आहे. मी झोपेबद्दलच लिहीत होतो, वेळ लागला.

पूर्वी नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेणाऱ्या) गाडीवर दोन ड्रायव्हर सक्तीचे होते आणि सीटमागे पूर्ण रुंदीची झोपायची जागाही. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरची सक्ती काढून टाकली. तेव्हापासून किती मालक एकाच माणसाला रात्रंदिवस पळवतात ते तुझ्या नवऱ्याला विचार. १९६१ चा मोटार कामगारांचा कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ सांगायचा, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा लेबर कोड आला. तुम्ही दोघं असल्यावर तेवढे तास पाळणं तुमच्या हातात आहे, तेवढ्यासाठी तरी मला तुमचा विचार फार आवडला.

पण चालत्या गाडीत झोप येणं ही सवय आहे, ती लगेच लागत नाही. पहिले काही दिवस बर्थवरचा माणूस नुसता डोळे मिटून पडतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला जागा होतो, ब्रेक लागला की हात आपोआप कडेला धरतो. चार तास पडून राहून उठतो आणि म्हणतो झोप झाली. ती झालेली नसते. म्हणून सुरुवातीला रोज काही तास गाडी उभी करून दोघांनी झोपायचं, भाडं थोडं कमी पडलं तरी चालेल. बर्थला कडेने पट्टा किंवा जाळी लावून घ्या, जोरात ब्रेक लागला तर माणूस पुढे फेकला जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे, नोकरी धरताना गाडी तशी आहे का बघा, उन्हाळ्यात दुपारची झोप त्यावरच आहे. थंडीत केबिन बंद करून आत स्टोव्ह कधीही पेटवू नका, चहापुरताही नाही.

पाळ्या घड्याळावर लावा. 'दमलो की देतो' असं ठेवलं तर नवरा कधी दमलो म्हणणार नाही आणि तू कधी मागणार नाहीस. एसटीच्या रातराणीवर असताना पहाटे तीन ते पाच हा वेळ मला सगळ्यात अवघड जायचा, डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नाही. ८० च्या वेगाने तीन सेकंद डुलकी लागली की गाडी जवळपास ६७ मीटर पुढे गेलेली असते. समृद्धी महामार्गावर तर ७०१ किलोमीटर रस्ता, बराचसा सरळ, मध्ये गाव लागत नाही, तिथे दुपारीही डोळा लागतो. ती पहाटेची वेळ दोघांपैकी ज्याला लवकर उठायची सवय आहे त्याने घ्यावी, आणि त्याने संध्याकाळी सातलाच झोपावं. तू व्हॅनसाठी पाचला उठतेस, तेव्हा बहुतेक ती पाळी तुझी. आणि बर्थवरून उठून थेट स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वीस मिनिटं खाली उतर, तोंड धू, टायर ठोकून बघ, ताडपत्री असेल तर दोऱ्या बघ, मग बस. झोपेतून उठल्या उठल्या पाय ब्रेकवर उशिरा जातो.

सी-४०२ चे मिस्टर (११.२०)
नमस्कार सगळ्यांना. आता गाडी लावली, हुबळीच्या अलीकडे आहे. सगळं वाचलं. डी-१०५ दादा, त्या कंटेनरवाल्याला उद्या फोन करून नाही सांगतो. हिचं हेवी लायसन आधी, तोवर माझी नोकरी आहे तशी चालू. लायसन आलं की एक्स्प्रेस लाइनवर दोघांसाठी तुम्हीच शब्द टाकाल का? आणि काका, पाळ्यांचं तुम्ही म्हणता तसंच करू. दमलो असं मी खरंच म्हणत नाही, हिला ते माहीत आहे.

डी-१०५ (११.२३)
टाकतो. दोघांची नावं कागदावर असतील तिथेच टाकतो.

बी-६०२ (११.२५)
वहिनी, सगळं छान ठरतंय, पण व्हॅनचं काय? आमची दोन्ही पोरं तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसत नाहीत.

सी-४०२ (११.२८)
वार्षिक परीक्षा होईपर्यंत मीच आहे ताई. पुढच्या जूनसाठी ई-विंगमधल्या ताई तयार आहेत, त्यांचं लायसन जुनं आहे आणि हात चांगला आहे. एप्रिलपासून रोज माझ्याशेजारी बसतील म्हणजे मुलांना सवय होईल.

बी-५०३ काकू (११.३१)
लेक सुट्टीत आली आणि तुम्ही बाहेर असलात तर जेवायला माझ्याकडे. विचारायचं नाही, पाठवायची.

ए-१०३ काका (११.३३)
सूनबाई, शनिवारी सकाळी दहाला सीआयआरटीला जाऊ, मी येतो बरोबर. आधार, आताचं लायसन आणि पासपोर्ट साइज फोटो घे. फॉर्म १-अ साठी शुक्रवारीच डॉक्टरकडे जाऊन ये, डोळे नीट तपासायला सांग.