मदत हवी आहे: बाबांचं हवाई दलातलं सर्व्हिस रेकॉर्ड कुठून मिळेल?

आमचे बाबा हवाई दलात वैमानिक अधिकारी होते. १९७१ च्या लढाईनंतर काही वर्षांनी नोकरी सोडून हिंगणघाटजवळ गावी आले, जिनिंग (कापसातली सरकी काढायची गिरणी) टाकली. सरकीच्या ढिगाजवळ उभं राहून विमानाच्या आवाजावरून ‘हे आपलं, हे प्रवासी’ सांगायचे, बस्स. आम्हा तिघा भावंडांना बाकी काहीच ठाऊक नाही. आता आईला त्यांची नीट नोंद हवी आहे.

लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) वाळवीनं खाल्लं. १९७१ च्या लढाईचं संग्राम मेडल आहे. कडेवर नाव आणि सर्व्हिस नंबर कोरलाय, पण शेवटचे दोन आकडे घासले गेलेत. पेन्शन नव्हती, त्यामुळे पीपीओ (पेन्शनचा आदेश) नाही. मृत्यू दाखला, आईचं आधार, लग्नाचा वर्दीतला फोटो आहे.

दिल्लीत सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायच्या बेतात होतो, पण तिथं वायुसैनिकांचं (अधिकारी नसलेल्यांचं) रेकॉर्ड असतं, अधिकाऱ्यांचं हवाई दल मुख्यालयात, असं कळलं. एजंट नको, एकानं आधीच पाच हजार मागितले. दिल्लीला जाणंही सध्या जमणार नाही, कापसाचा हंगाम आहे.

अर्धवट नंबरावर मुख्यालयातल्या नेमक्या कोणत्या विभागाला लिहायचं? आणि अर्ज आईच्या सहीनं साधा करावा की माहिती अधिकारात?